डेटनची हत्यारपेटी

हॅरी गर्स्टनर हा अमेरिकेतील ओहायो राज्याच्या डेटन शहरातला पॅटर्नमेकर. ओतकामासाठी लाकडी नमुने घडवणे हे त्याचे काम. ओतीव लोखंड थंड होताना सुमारे १ टक्का आकसते आणि तेवढी वाढ नमुन्यात आधीच धरावी लागते. त्यामुळे लाकडातही बारीक मापाचा हिशेब ठेवायची त्याला सवय होती. स्वतःच्या हत्यारांसाठी त्याने केलेली पेटी सोबत्यांना आवडली आणि १९०६ मध्ये एच. गर्स्टनर अँड सन्स ही घराण्याची पेढी उभी राहिली. कॅश रजिस्टरच्या मोठ्या कारखान्याचे आणि राइट बंधूंचे हे शहर. तिथे पेटी घेणाऱ्या मशिनिस्ट गिऱ्हाइकांना तोटा नव्हता. शिवाय मोजमापाची साधने मशिनिस्टने स्वतःच्या पैशाने घ्यायची, ही तिकडची जुनी रीत.

अशा पेट्या करणाऱ्या कारखान्यात सुताराने आधी लाकूड पाहावे. ओकचा ओंडका इथे क्वार्टर-सॉन पद्धतीचा लागतो, म्हणजे वाढवर्तुळे फळीच्या पृष्ठाला जवळपास काटकोनात येतील असा चिरलेला. लाकूड वर्तुळांच्या रेषेत जेवढे आकसते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्याकडून सालीकडे आकसते. अशी फळी रुंदीत कमी हलते आणि सहसा पिळत नाही. पावसाळी दमट हवेत फुगून बसणारा ड्रॉवर ज्याने दुरुस्त केला आहे, त्याला या चिराईचे मोल वेगळे सांगायला नको. तिच्यात लाकूड वाया जाते आणि वेळही जास्त लागतो, पण एकावर एक बसवलेले उथळ खण वर्षानुवर्षे सुरळीत सरकायचे असतील तर इथे काटकसर करून चालत नाही.

ओकचा दोषही ध्यानात घ्यावा. त्यातली आम्ले आणि त्यांची वाफ पोलादाला गंज चढवतात. म्हणून लाकडाला पॉलिशचा थर आणि खणांत फेल्टचे अस्तर हवे. फेल्टमुळे मायक्रोमीटरला ओरखडा पडत नाही आणि हलका तेलाचा हातही त्यावर टिकतो. गर्स्टनरच्या पेटीत मधला खोल खण मशिनिस्टच्या हँडबुकच्या मापाचा आहे. पुढची फळी काम चालू असताना खालच्या खणाखाली सरकते. संध्याकाळी ती वर लावून झाकण बंद केले की सगळे खण एका कुलुपात येतात. यातले काहीही शोभेसाठी नाही, आणि हेच या पेटीचे खरे सौंदर्य.

आपल्याकडे बहुतेक कारखान्यांत साधने टूल क्रिबमधून, म्हणजे कारखान्याच्या हत्यारकोठीतून, मिळतात, म्हणून कामगाराच्या स्वतःच्या पेटीचा धंदा इथे फारसा रुजला नाही. तरी साधने पत्र्याच्या खणात एकमेकांवर आदळत ठेवण्याचे समर्थन होऊ शकत नाही. नीट वाळवलेले सागवान ओकपेक्षा कमी हलते आणि ते घडवणारे हातही आपल्याकडे आहेत. टूलरूम चालवणाऱ्यांनी जवळच्या चांगल्या सुताराला बोलवावे, आपली साधने त्याच्यासमोर मांडावीत आणि त्यांच्या मापाने पेटी करून घ्यावी.