बस्तरच्या मैदानावरची ‘नुआ बाट’

जगदलपूरला २०२४ च्या डिसेंबरात पहिल्या ‘बस्तर ऑलिम्पिक’चा समारोप झाला, तेव्हा वृत्तपत्रांनी दोन गोष्टी ठळकपणे छापल्या : सात जिल्ह्यांतील सुमारे १ लाख ६५ हजार स्पर्धकांचा आकडा आणि केंद्रीय गृहमंत्र्यांची उपस्थिती. याहून मोलाची गोष्ट होती ती ‘नुआ बाट’ या गटाची. हलबीत नुआ बाट म्हणजे नवी वाट. शस्त्रे खाली ठेवलेले माओवादी आणि माओवादी हिंसेत अपंगत्व आलेले गावकरी, या दोघांना याच एका नावाखाली मैदानात उतरवण्यात आले.

कल्पना धाडसाची आहे. म्हणूनच ती टाळ्या वाजवून सोडून देण्याजोगी नाही.

बस्तरमधील वनवासी समाजाने काय सोसले याचा हिशेब मृतांच्या संख्येत मावत नाही. २०१० साली ताडमेटल्याला ७६ जवान मारले गेले, हे देशाला ठाऊक आहे. परंतु २००५ नंतर ओस पडलेली गावे, छावण्यांत वाढलेली मुले, सुरुंगाने उडवलेल्या शाळा यांची आठवण कोणाला? ज्या मुलाखतीत ‘आता शांतता आहे’ असे ऐकू येते, तिथेच बोलणाऱ्याचे डोळे दाराकडे असतात. पायवाटेखाली स्फोटके असू शकतात, हे ज्याच्या अंगात बालपणापासून मुरले आहे, त्याचे शरीर करार झाला म्हणून निर्धास्त होत नाही. छाती धडधडते, झोप उडते, हाक आली तरी माणूस दचकतो. हे भय विचारापेक्षा शरीरात अधिक घर करते. केवळ उपदेशाने ते जात नाही ते यामुळेच.

खेळाचे काम इथे सुरू होते. खो-खोमध्येही छाती धडधडते, पाठीमागून कोणी धावत येते. पण त्या धडधडीचा शेवट शिट्टीने आणि हसण्याने होतो. शरीराला पुन्हा शिकवावे लागते की, प्रत्येक धावणे हे पळून जाणे नसते. ब्रिटनमध्ये स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४८ साली मणक्याला इजा झालेल्या १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली, त्यामागेही खेळ हा उपचाराचाच भाग आहे ही श्रद्धा होती. त्यातूनच पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले. धनुष्य तर बस्तरच्या घराघरांत आहे!

तथापि एक प्रश्न टाळता येत नाही. ज्याचा पाय सुरुंगाने नेला, त्याने सुरुंग पेरणाऱ्यांच्या गटातून आलेल्या माणसाबरोबर एका नावाखाली खेळावे, हे कोणी ठरवायचे? त्याने स्वतः. छायाचित्रासाठी घडवलेले हस्तांदोलन जुनी जखम नव्याने उघडते. आणि वर्षातून एकदा भरणारा सोहळा उपचार ठरत नाही. उपचाराला रोजची संध्याकाळ लागते, ओळखीचा प्रशिक्षक लागतो आणि ज्याची झोप मैदानावरही परत येत नाही, त्याला गोंडी-हलबी समजणाऱ्या समुपदेशकाकडे व डॉक्टरांकडे नेणारे कोणी लागते.

असे रोजचे काम कसे असते, हे पाहायचे तर नारायणपूरला जावे. तिथे अबुझमाडची मुले पोलीस दलातील एका जवानाच्या हाताखाली मल्लखांब शिकली आणि २०२३ साली ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ जिंकून आली. बक्षिसाचे कौतुक आहेच. पण मला अधिक मोठी वाटते ती गोष्ट निराळी. ज्या गणवेशाची त्या मुलुखात धास्ती होती, त्याच गणवेशाच्या माणसाच्या भरवशावर मुले खांबावर उलटी लटकली.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी ऊर्जितावस्थेला आणलेली ही विद्या आपली. नारायणपूर आपल्या गडचिरोलीला लागूनच आहे. पुण्या-मुंबईच्या व्यायामशाळांतील उस्तादांनी वर्षातले दोन महिने तिकडे आणि गडचिरोलीच्या दुर्गम तालुक्यांत जाऊन राहायचे ठरवले, तर त्यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागणार नाही.