हौशी भाषापंडितांच्या गप्पा

कृत्रिम भाषेत हवापाण्याच्या गप्पा छाटणारे हौशी लोक म्हणजे निव्वळ रिकामटेकडे, असा शेरा आमचे विद्वान मित्र मारीत असतात. (त्यांपैकी काहींची मराठीही वर्षातून एकदा, गणेशोत्सवातील भाषणापुरतीच बाहेर पडते!) आम्हांस हा शेरा मुळीच मान्य नाही. व्याकरण एकट्याने टेबलाशी बसून रचता येते. ‘चहा निवला, दुसरा ओता’ हे वाक्य मात्र चारचौघांत अडखळत, चुकत, हसतच रुळते.

जर्मन धर्मोपदेशक श्लायर यांच्या वोलापूकचे उदाहरण घ्या. तिच्या पहिल्या दोन परिषदांचे कामकाज चालले ते जर्मन भाषेत! १८८९ साली पॅरिसच्या परिषदेत ती प्रथम सर्वांच्या तोंडी आली. पण तोवर सुधारणांचे भांडण पेटलेच होते, आणि श्लायर आपला नकाराधिकार सोडीनात. झामेनहोफ या नेत्रवैद्याने १८८७ साली वॉर्सा येथे एस्पेरांतो प्रसिद्ध केली, ती सोळा नियमांनिशी आणि मालकीहक्क सोडून. १९०५ साली बूलोन येथे देशोदेशींचे शेकडो लोक जमून दुभाष्यावाचून बोलले. आज काही घरांतील मुले ती आईच्या मांडीवरच शिकतात.