उमेशू आणि मोह

उमेशू या जपानी फलमद्यावर लुब्ध झालेल्या ठाणे-डोंबिवलीच्या रसिकांशी आमचे भांडण नाही. हिरवी उमे-फळे खडीसाखरेसह शोचू नामक मद्यात मुरविली तर एक रुची, साकेत वा ब्रँडीत मुरविली तर दुसरी. आम्हांसही ती आवडली. जपानने तर १९६२ साली गृहस्थांना हे पेय घरी मुरविण्याची मोकळीक दिली. याच ठाणे जिल्ह्यात मात्र १८९२ च्या कायद्याने वारली-कातकऱ्यांच्या मोहफुलांवर निर्बंध आले. आणि मोहाची घरगुती भट्टी १९४९ च्या दारूबंदी कायद्याने आजही गुन्हाच आहे. मुरविणे आणि गाळणे यांत भेद आहे, हे आम्ही जाणतो. विषबाधेचे भय असेल तर खुशाल तपासणी व्हावी. परंतु परक्याचे फळ ती अभिरुची आणि शेजाऱ्याचे फूल तो अपराध, हा न्याय आम्हांस मान्य नाही.