औषधी वनस्पतींची पारख

"झाडपाल्याचें औषध आहे, गुण आला नाहीं, तरी अपाय तर होणार नाहीं!" हें वाक्य आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं घरीं ऐकलें असेल. त्याच्या पूर्वार्धाविषयीं आमची तक्रार नाहीं. उत्तरार्ध मात्र न पारखलेल्या नाण्यासारखा आहे. हातोहात चालत आला, म्हणून तो खरा, एवढाच त्यास आधार. या नाण्याची पारख कशी करितात व ती कां केली पाहिजे, याविषयीं आम्ही आज चार शब्द लिहिणार आहों.

आपल्या पूर्वजांचा अनुभव तुच्छ होता, असें आम्ही म्हणत नाहीं. कण्हेर, धोतरा व बचनाग विषारी आहेत, बिब्बा अंगावर उततो, हें त्यांनीं प्रयोगशाळेवांचून ओळखिलें. परंतु अनुभव हा झटपट होणाऱ्या अपायाचाच भरवशाचा साक्षीदार आहे. सकाळीं पाला खाल्ला व दुपारीं माणूस तडफडूं लागला, तर कारण व कार्य शेजारीं शेजारीं उभीं असतात. जो अपाय दहा-वीस वर्षांनीं प्रकट होतो, त्याचा संबंध जुन्या काढ्याशीं कोण जोडणार? वाळवी लागलेली तुळई बाहेरून शाबूतच दिसते.

याचें ठळक उदाहरण युरोपांतील आहे. अ‍ॅरिस्टोलोकिया नांवाच्या वेलींचें एक कुळ आहे. आपल्याकडील सापसंद त्यांतलीच. ग्रीक भाषेंत या नांवाचा अर्थ 'बाळंतपणास उत्तम' असा होतो. दोन हजारांहून अधिक वर्षें लोक तिला औषध मानीत आले. बेल्जमच्या राजधानींत, ब्रुसेल्स येथें, लठ्ठपणा घालविण्याच्या एका उपचारांत चिनी वनस्पतींची भुकटी देत असत. तींत एका मुळीच्या जागीं, नांवांतील साम्यामुळें, या कुळांतील वेलीची मुळी आली. ती घेतलेल्या तरुण स्त्रियांचीं मूत्रपिंडें निकामी होत आहेत, असें तेथील डॉक्टरांनीं १९९३ सालीं प्रसिद्ध केलें. अशा रुग्णांची संख्या पुढें शंभरावर गेली. त्यांपैकीं ३९ जणांचीं निकामी मूत्रपिंडें व मूत्रनलिका काढून तपासल्या, तेव्हां १८ जणांस कर्करोग झाल्याचें आढळलें. हा वृत्तांत २००० सालीं छापला गेला. त्या मुळींतील आम्ल पेशींमधील डीएनएला चिकटून बसतें व जनुकांची लिपि उतरून घेतांना ठराविक चुका घडवून आणतें. २००२ सालीं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें अशीं औषधें मनुष्यांत कर्करोग उत्पन्न करणारीं म्हणून नोंदविलीं. दोन हजार वर्षांच्या वापरास जें दिसलें नाहीं, तें काळजीपूर्वक केलेल्या तपासणीस दिसलें. पण तोंवर कित्येकांचें आरोग्य कायमचें गेलें होतें.

असा इशारा आधींच मिळावा, एवढ्यासाठींच वनस्पतींच्या अर्कांच्या चाचण्या आहेत. अर्कास मुख्यतः तीन प्रश्न विचारितात. पहिला: पेशी जगतात कीं मरतात? भांड्यांत वाढविलेल्या पेशींवर अर्क घालून मागाहून एक पिवळें द्रव्य घालतात. जिवंत पेशी त्यास जांभळें करितात, मेलेल्या करीत नाहींत. दुसरा: गुणसूत्रें धड राहतात काय? येथें आपला कांदा उपयोगी पडतो. १९३८ सालीं स्वीडनमधील आल्बर्ट लेव्हान यांनीं कांद्याच्या मुळांवर कोल्चिसीनचा परिणाम अभ्यासिला. गुणसूत्रें दुप्पट होत, पण त्यांस दोहों बाजूंस नेणारे तंतु तयार न झाल्यामुळें पेशी दुभंगत नसे. गौरीपूजनांत जिच्या फुलांना मान आहे, त्या कळलावींत हेंच विष असतें. तिसरा प्रश्न: जनुकांची लिपि बदलते काय? यासाठीं अमेरिकेंतील ब्रूस एम्स यांनीं १९७३ च्या सुमारास एक युक्ति काढिली. हिस्टिडीन हें पोषकद्रव्य स्वतः तयार करूं न शकणारे जंतु त्या द्रव्यावांचूनच्या थाळींत अर्कासह ठेवावयाचे. जनुकांत विशिष्ट बदल घडला, तर कांहीं जंतूंना ती शक्ति परत येते व थाळींत ठिपके उगवतात. सोबत उंदराच्या यकृताचा अर्कही घालतात. कारण कांहीं द्रव्यें यकृतांतून गेल्यावरच घातक होतात.

यावर कोणी विचारील, "कांद्यास जें बाधतें, तें मनुष्यास बाधेलच कशावरून?" प्रश्न रास्त आहे. अशी चाचणी पहारेकरी आहे, न्यायाधीश नव्हे. ती हांक मारते. निकाल पुढील तपासानें लागतो. शिवाय पेशींचा नाश करणारें सर्वच टाकाऊ, असेंही नाहीं. सदाफुलींतील द्रव्यें पेशींचें विभाजन रोखतात. म्हणूनच लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर त्यांतील एक द्रव्य औषध ठरलें. पण तें डॉक्टरांच्या हातांत, मोजून दिलेलें! सदाफुलीचीं पानें चघळणें हा त्याचा अर्थ नव्हे.

आतां घरची गोष्ट. आपल्याकडे तान्ह्या मुलांस गुटींतून वेखंड उगाळून देतात. भारतीय वेखंडांत बीटा-असारोन हें द्रव्य पुष्कळ असतें. तें उंदरांस दीर्घकाळ चारिलें असतां त्यांच्या शरीरांत गांठी झाल्या. त्यामुळें अमेरिकेंत १९६८ सालापासून अन्नांत वेखंड घालण्यास बंदी आहे. गुटींतील किंचित् वेखंडानें मूल आजारी पडतें, असें यावरून सिद्ध होत नाहीं. परंतु संशयाचा फायदा कोणास द्यावा? आमच्या मतें तो मुळीला नव्हे, मुलाला दिला पाहिजे. मूल आपण होऊन नको म्हणूं शकत नाहीं. त्याच्या वतीनें विचार करणें हें वडील माणसांचें कर्तव्य आहे. ज्या आजीनें गुटी दिली, तिनें त्या काळच्या ज्ञानाप्रमाणें प्रेमच केलें. आज अधिक कळत असतां, डॉक्टरांस न विचारतां तेंच चालविणें हें मात्र प्रेम नव्हे.

गांवठी म्हणून हंसणारे व आपलें म्हणून पूजणारे, दोघेही पारखीचे कष्ट चुकवितात. चरकानेंही औषध व विष यांतील भेद योजना करणाऱ्याच्या युक्तीवर ठेविला आहे. आणि पौल प्रेषितानें थेस्सलनीकाच्या मंडळीस पारख व स्वीकार हीं दोन्ही कर्तव्यें एकाच ठिकाणीं सांगितलीं आहेत.

विद्यार्थ्यांनो, एक कांदा साध्या पाण्याच्या व दुसरा तुळशीच्या काढ्याच्या पेल्यावर ठेवा, आणि पांच दिवसांनीं मुळें मोजा. मुळें खुंटलीं तर तुळस वाईट, असा निकाल देऊं नका. काढा निम्मा पातळ करून पुन्हां मोजा. औषधाची बाटली हातीं आली, म्हणजेही असेच प्रश्न विचारा: वनस्पति कोणती, तिचा भाग कोणता, मात्रा किती, आणि पारख कोणी केली? उत्तर मिळेपर्यंत बूच उघडण्याची घाई करूं नका.