खबर देणाऱ्याचे नाव

२०२५ च्या फेब्रुवारीत धाराशिव जिल्ह्यातील तामलवाडी पोलिसांनी एमडी या अमली पदार्थाच्या पुड्या पकडल्या आणि तिघांना अटक केली. पुढील काही महिन्यांत आरोपींची यादी तिसाच्या पुढे गेली आणि तीत तुळजाभवानीच्या काही पुजाऱ्यांचीही नावे आली. आरोप खरे की खोटे हे न्यायालय ठरवील. तो निवाडा आज येथे करण्याचे कारण नाही. पण असा व्यापार एका रात्रीत उभा राहत नाही. विकणारा असतो, घेणारा असतो आणि दोघांना रोज पाहणारा शेजारीही असतो. मग ठाण्यात जाऊन सांगणारे इतके थोडे का, आणि त्यांच्या सांगण्याला फळ इतके उशिरा का?

अशा वेळी वर्तमानपत्रांतून जनतेच्या भित्रेपणावर कोरडे ओढण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ती आम्हास मान्य नाही. ज्याला त्याच गल्लीत राहायचे आहे, ज्याच्या मुलाला त्याच रस्त्याने शाळेत जायचे आहे, त्याने उघडपणे नाव सांगावे अशी अपेक्षा धरणारे बहुधा संरक्षण घेऊन फिरणारे असतात. निर्भयतेचा उपदेश करणाऱ्याने आधी निर्भय राहण्याची सोय करून द्यावी लागते.

कागदावर ती सोय आहे, हे मान्य केले पाहिजे. गुन्ह्याची खबर कोठून मिळाली हे सांगण्यास दंडाधिकाऱ्याला किंवा पोलिसाला भाग पाडता येणार नाही, हे तत्त्व इंग्रजांच्या पुरावा कायद्यात कलम १२५ म्हणून होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमात तेच कलम १३१ म्हणून आले आहे. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम ६८ तेच सांगते. पण याच कायद्याच्या दुसऱ्या टोकाला फिर्याद उभी आहे. फिर्यादीवर खबर देणाऱ्याचे नाव, पत्ता आणि सही लागते. तिची प्रत आरोपीला मिळते. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर संवेदनशील गुन्हे वगळता फिर्यादी पोलिसांच्या संकेतस्थळावरही चढतात. पारदर्शकतेच्या दृष्टीने तो आदेश योग्यच होता. मात्र त्यामुळे एक गोष्ट अटळ झाली. गुप्त खबर आणि फिर्याद या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे ठाणेदाराने जाणले, तरच सामान्य माणूस वाचतो. ‘आधी सही करा, मग बघू’ एवढे ठाण्यात म्हटले गेले की कलम १३१ पुस्तकातच राहते.

नाव फुटल्यावर काय होते, याचे दाखले फार दूर शोधावे लागत नाहीत. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील मायलेकींनी एका मारहाणीतील आरोपींची ओळख पोलिसांना सांगितली होती. ते आरोपी जामिनावर सुटले आणि २९ सप्टेंबर २००६ च्या संध्याकाळी त्या घरातील चौघांची हत्या झाली. त्याआधी सत्येंद्र दुबे या तरुण अभियंत्याने राष्ट्रीय महामार्गाच्या कामातील भ्रष्टाचार थेट पंतप्रधानांच्या कार्यालयाला कळविला होता आणि आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली होती. ते पत्र नावासकट खात्याखात्यांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांचा खून झाला. त्या प्रकरणाच्या लाजेतून पुढे जागल्यांच्या संरक्षणाचा २०१४ चा कायदा झाला. पण त्यातही तक्रारदाराने आपली ओळख दिलीच पाहिजे, निनावी तक्रारीची दखल घेतली जाणार नाही, अशी तरतूद घातली गेली. संसदेने संमत केलेला तो कायदा अमलात आणण्याची अधिसूचना मात्र सरकारने काढलेली नाही.

धाराशिवमध्ये या प्रश्नाचे सर्वांत कठीण रूप अमली पदार्थांच्या बाजारात नव्हे, लग्नाच्या मांडवात दिसते. कळंब, भूम, वाशी, परंडा या तालुक्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांमध्ये नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. एकट्या गड्याला अर्ध्या कोयत्याची उचल मिळते. मागे घरी एकटी राहणारी वयात आलेली मुलगी ही आईबापाची धास्ती, आणि तिकडे जोडी झाली तर मिळणारी पूर्ण उचल ही दुसऱ्या घराची गरज. अशा हिशेबातून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींची लग्ने उरकली जातात. हा गुन्हा गरिबीने केलेला आहे, हे आम्ही विसरत नाही. पण त्या मुलीच्या शाळेचे आणि शरीराचे जे होते ते गरिबीच्या कारणाने हलके होत नाही.

२००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र केला आहे. लग्न होणार अशी विश्वसनीय माहिती मिळाल्यास दंडाधिकारी स्वतःहून मनाई हुकूम काढू शकतो आणि तो मोडून लावलेले लग्न रद्दबातल ठरते. १०९८ या क्रमांकावर कोणीही फोन करावा, नाव सांगण्याची सक्ती नाही, असे भिंतीभिंतीवर लिहिलेले आहे. ही सेवा पूर्वी स्वयंसेवी संस्था चालवीत. २०२३ पासून ती सरकारी यंत्रणेकडे गेली. फोन करणारी बहुधा कोण असते? वर्गमैत्रीण, शिक्षिका, अंगणवाडी सेविका, आशा. यांपैकी शेवटच्या दोघी मानधनावर राबतात आणि ज्यांच्या घरचे लग्न मोडायचे त्यांच्याच दारी उद्या नोंदवही घेऊन जातात.

आता त्या फोनचा प्रवास पाहा. तो जिल्ह्याला जातो, तेथून बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे, पोलीस ठाण्याकडे आणि अखेर ग्रामसेवकाकडे. कारण आपल्या राज्यात गावाचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवकच आहे. ग्रामसेवक सरपंचाला विचारतो. सरपंचाच्या खिशात त्या लग्नाची पत्रिका असते. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी विचारतो, ‘कळविले कोणी?’, आणि हा प्रश्न विचारणे हाच गुन्हा आहे असे अद्याप कोणालाही वाटत नाही.

शिवाय नाव झाकल्याने भागत नाही, कारण माहिती स्वतःच बोलते. मुलीची खरी जन्मतारीख कोणाला ठाऊक? मुख्याध्यापकांना आणि वर्गशिक्षिकेला. लग्न पहाटे दुसऱ्या गावी लागणार हे कोणाला ठाऊक? मैत्रिणीला. अधिकारी मांडवात येऊन ‘शाळेत हिचे वय पंधरा लिहिले आहे’ असे बोलला की शिक्षिकेचे नाव न घेताही तिने खबर दिली हे गावाला कळते. म्हणून पहिला नियम असा हवा की खबरेतील प्रत्येक गोष्ट अधिकाऱ्याने दुसऱ्या वाटेने मिळवावी आणि तीच बोलावी. विद्यार्थ्यांच्या जन्मतारखा आज शिक्षण खात्याच्या संगणकावर आहेत. त्या पाहायला शाळेत जावे लागत नाही. गेलेच, तर एका मुलीचे नव्हे, सगळ्या वर्गाचे रजिस्टर तपासावे. पंचनाम्यावर आशा वा सेविकेची सही घेणे तर बंदच झाले पाहिजे.

येथे आमचेच काही मित्र आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे. समाजवादी चळवळीने खबऱ्यांचा जाच भोगला आहे. ज्या जिल्ह्याने १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाची राजवट पाहिली त्याला ‘खबऱ्या’ हा शब्द गोड वाटणार नाही. १९७५ च्या आणीबाणीत मिसाखाली आमचे कार्यकर्ते तुरुंगात गेले, तेव्हा अटकेची कारणे सांगण्याची गरजही कायद्यातून काढून टाकली होती. कोणी काय सांगितले आणि त्यावर का उचलले, हे कळण्याचा मार्गच उरला नव्हता. मग आज आम्ही निनावी खबरेची तरफदारी कोणत्या तोंडाने करावी?

फरक आहे, आणि तो साधा आहे. सत्तेने दुबळ्यावर नजर ठेवण्यासाठी पोसलेला खबऱ्या एक, आणि दुबळ्याने बलवंताचे कृत्य सांगताना घेतलेला आडोसा दुसरा. पहिल्याच्या शब्दावर माणूस तुरुंगात जात असे. दुसऱ्याच्या शब्दावर केवळ चौकशी सुरू व्हावी, याहून अधिक काही आम्ही मागत नाही. निनावी शब्दावर कोणालाही शिक्षा होता कामा नये. आरोपीला साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याचा हक्क आहे आणि तो आम्ही सोडणार नाही. खबर हा पुरावा नव्हे. ती पुराव्याकडे दाखविलेले बोट आहे, आणि पुरावा गोळा करण्याचा पगार पोलिसांना मिळतो.

खोट्या अर्जांचे भय खरे आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक आली की निनावी अर्जांचे पीक येते, हे खेड्यात राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. भावकीच्या वैरातून एखाद्या मजुराच्या दारात पोलिसांची गाडी उभी राहिली तर त्या मुलीची अब्रू कोणता खुलासा भरून देणार? यावर उपाय खबर नाकारणे हा नाही. गाडी निघण्यापूर्वी वय तपासणे हा आहे. तेवढे काम जिल्ह्याच्या ठिकाणी बसून काही मिनिटांत होते. ते न करता गाजावाजाने धाड घालणारा अधिकारी निर्दोष कुटुंबाचा आणि खबर देणाऱ्याचा, दोघांचाही घात करतो.

मुलीच्या नावाचाही विचार हवा. मांडवात धाड पडल्यावर तिचे छायाचित्र गावभर फिरते. लग्न होऊन गेलेल्या अल्पवयीन गरोदर मुली तपासणीपासून लपविल्या जातात, कारण दवाखान्याने कळविले की पोक्सोखाली गुन्हा दाखल होतो. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निर्णयात, गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीची आणि तिच्या पालकांची विनंती असल्यास डॉक्टरने पोलिसांना खबर देताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे म्हटले आहे. हा निर्णय ग्रामीण रुग्णालयांपर्यंत पोचविण्याचे काम आरोग्य खात्याचे आहे.

साक्षीदार संरक्षणाची योजना आहे, असे सरकार सांगेल. ती आहे, पण ती अर्ज मागते आणि धोक्याचा अहवाल त्याच पोलिसांकडून घेते ज्यांच्याकडून नाव फुटण्याचे भय आहे. आमची मागणी याहून लहान आणि स्वस्त आहे. १०९८ वर आलेल्या फोनचा क्रमांक तालुक्याच्या खाली जाऊ नये. तो कोणी पाहिला याची नोंद राहावी आणि नाव फुटल्यास त्या नोंदीवरून जबाबदारी ठरावी. शहानिशेला गावचा ग्रामसेवक एकटा न जाता बाहेरच्या गटातील अधिकारी जावा. तुळशीचे लग्न झाले की तिथी सुरू होतात आणि त्याच सुमारास कोयत्याच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. जिल्हाधिकाऱ्यांचे पत्रक त्यापूर्वी आठही तालुक्यांत पोचले पाहिजे.