पासष्ट हजारांचा सिनेमा



महाशिवरात्रीला मार्कंड्याला वैनगंगेच्या काठी मोठी यात्रा भरते. अशा यात्रांतून एके काळी तंबूतला सिनेमा गावोगाव फिरत असे. कष्टकरी माणसे जमिनीवर बसून मारधाडीचे स्टंटपट पाहत. अमेरिकेत घोडे आणि बंदुका घेऊन थोडक्या पैशांत काऊबॉयपट काढणारे दिग्दर्शक होते. आपल्याकडे तसे काम करणाऱ्यांत एक नाव आपल्या विदर्भाचे आहे. ते म्हणजे भगवान आभाजी पालव, अर्थात भगवानदादा.

त्यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ रोजी अमरावतीला झाला. वडील मुंबईत गिरणी कामगार. स्वतः भगवानदादांनीही मजुरी केली. व्यायामाची आवड होती आणि सिनेमाचे वेड होते. मूकपटांत लहान कामे करता करता ते धंद्यातले बारकावे शिकले. १९३८ साली त्यांनी 'बहादूर किसान'चे सहदिग्दर्शन केले. १९४१ साली त्यांनी 'वनमोहिनी' हा तामिळ जंगलपटही काढला.

त्यांचा एक चित्रपट सुमारे पासष्ट हजारांत होई, असे सांगतात. कपडे ठरवण्यापासून कलावंतांच्या जेवणापर्यंत सारे तेच पाहत. प्रेक्षक मुख्यतः कामगारवर्ग. या कामात एक कायमचा डागही लागला. एका चित्रीकरणात त्यांची थप्पड जोरात बसली आणि ललिता पवार यांच्या डाव्या डोळ्याला जन्माची इजा झाली.

पुढे त्यांनी चेंबूरला स्वतःचा जागृती स्टुडिओ उभारला. राज कपूर यांनी त्यांना सामाजिक चित्रपट काढण्याचा सल्ला दिला. त्यातून १९५१ साली 'अलबेला' आला. नायिका गीता बाली, संगीत सी. रामचंद्र यांचे. नाटकाचे वेड असलेल्या गरीब घरातल्या तरुणाची ती गोष्ट. तो नायक भगवानदादांनीच केला. चित्रपट तुफान चालला. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला आणि सात मोटारी झाल्या.

पण पुढचे चित्रपट तसे चालले नाहीत. स्टुडिओ गेला, बंगला गेला, मोटारीही गेल्या. भगवानदादा दादरच्या चाळीत परतले आणि मिळतील ती लहान कामे करू लागले. मिरवणुका त्यांच्या दाराशी थांबत, 'अलबेला'ची गाणी वाजत आणि ते आपली प्रसिद्ध पावले टाकून दाखवत. ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरलाच त्यांचे निधन झाले.

आपल्या झाडीपट्टीत धान निघाले की नाटकांचे मांडव पडतात. कोणाच्या घरातल्या पोराला हा नाद लागला तर आईबापांनी त्याच्यावर हात उगारू नये. एवढे मात्र जरूर सांगावे : बाबा, कला मन लावून कर. कमी पैशांत काम कसे उभे करायचे ते भगवानदादांकडून शीक. पण घर गहाण टाकून नाटक काढू नकोस. मांडव उद्या पुन्हा पडेल. गेलेले छप्पर सहजासहजी परत येत नाही.