सूरजागडचें लोखंड आणि वेल्सची पाटी

ज्या दगडी पाटीवर आपल्या आजोबांनीं मुळाक्षरें गिरविलीं, त्याच जातीच्या दगडाच्या मोठ्या खाणी वेल्स देशाच्या वायव्य डोंगरांत आहेत. एकोणिसाव्या शतकांत त्या दगडानें देशोदेशींचीं छपरें शाकारलीं गेलीं. मालक बहुधा इंग्रजी बोलणारे, मजूर मात्र वेल्शभाषी.

त्या मजुरांचा इतिहास आपण ध्यानांत घेण्यासारखा आहे. दुपारच्या जेवणाच्या वेळीं ते खाणींतील झोपडींत जमत व स्वभाषेंत धर्म, राजकारण, काव्य आणि गायन यांची चर्चा करीत. तुटपुंज्या मजुरींतून वर्गणी काढून त्यांनीं १८८४ सालीं बँगोर येथें महाविद्यालय उभें करण्यास हातभार लाविला. पेन्रिनच्या खाणींत १९०० पासून १९०३ पर्यंत तंटा चालला. बेथेस्दा गांवानें तीन वर्षें उपासमार सोसली, व शेवटीं मजूरच हरले. पुढें दगडाची मागणी ओसरली. डिनॉर्विगची प्रचंड खाण १९६९ सालीं बंद पडली. भाषा मात्र जिवंत राहिली. २०२१ सालीं युनेस्कोनें त्या प्रदेशास जागतिक वारशाचा मान दिला.

आतां आपल्याकडे पाहूं. चांद्याकडील लोखंडाची कीर्ति जुनी आहे. जमशेटजी टाटा यांचें लक्ष प्रथम येथील लोहाऱ्याच्या खनिजाकडेच वेधलें होतें. एटापल्ली तालुक्यांतील सूरजागडच्या डोंगरावर २००७ सालीं लॉइड्स मेटल्स कंपनीस सुमारें ३४८ हेक्टरांचा पट्टा मिळाला. २०१६ सालीं नक्षलवाद्यांनीं तेथें अनेक वाहनें जाळलीं. २०२१ पासून उत्खनन जोमानें सुरू झालें, व २०२३ सालीं वार्षिक मर्यादा ३० लाख टनांवरून एक कोटी टनांवर नेण्यास संमति मिळाली. परंतु माडिया बांधवांस हा डोंगर केवळ खनिजाची रास नव्हे. तेथें ठाकुरदेवाची यात्रा भरते.

कोणी म्हणतील, प्रभूच्या दाखल्यांतील आळशी दासाप्रमाणें द्रव्य भूमींत पुरून ठेवावें काय? प्रश्न रास्त आहे. परंतु त्या दाखल्यांत धनी हिशेबही मागतो. खोदलेलें लोखंड पुन्हा उगवत नाहीं; म्हणून त्याच्या मोबदल्यांत डोंगराच्या लेकरांस काय मिळालें, हें विचारणें प्राप्त आहे.

१९९६ च्या पेसा कायद्यानें व २००६ च्या वनहक्क कायद्यानें ग्रामसभेस वाचा दिली. पण जी भाषा म्हाताऱ्या माडिया माउलीस कळत नाहीं, त्या भाषेंत विचारलेल्या प्रश्नास ती मान डोलवील, तर त्यास संमति म्हणतां येईल काय? माझें स्पष्ट मत असें कीं, तेथील शाळेंत पहिलीं अक्षरें माडियांतून शिकवावीं, मराठी व इंग्रजी तिच्या खांद्यावर चढवावीं. आणि खाणींत स्थानिक तरुण केवळ पहारेकरी न राहतां भूगर्भशास्त्रज्ञ, अभियंते व हिशेबनीसही व्हावे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या वर्गांत कोणी माडिया बोलत असेल, तर त्यास हसूं नका. त्याच्याकडून दहा शब्द शिका. पालकांनींही मुलांची घरची बोली लाजेखातर सोडवूं नये. डोंगर एक दिवस रिता होईल. भाषा रिती होऊं न देणें आपल्या हातीं आहे.